आफ्रिकेतले ग्राफाइट आणि आपल्या गाडीतली बॅटरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रिक गाडी घेणारा माणूस लिथियमबद्दल विचारतो. थोडे वाचन असले तर काँगोतल्या कोबाल्टबद्दलही विचारतो. ग्राफाइटची चौकशी मात्र कोणी करत नाही. बॅटरीत वजनाने सर्वांत जास्त भरणाऱ्या पदार्थांपैकी ते एक आहे, आणि ते जिथून निघते तिथली माणसे आपल्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेली आहेत. म्हणून हे पान. यात सर्वाधिक जागा उत्तर मोझांबिकमधल्या बालामा खाणीला दिली आहे, कारण या धंद्याच्या सगळ्या गाठी तिथे एकाच ठिकाणी दिसतात.

बॅटरीत ग्राफाइट नेमके कुठे असते? किती लागते?

लिथियम-आयन सेलमध्ये दोन बाजू असतात, कॅथोड आणि अ‍ॅनोड. अ‍ॅनोडची बाजू जवळजवळ सगळी ग्राफाइटची असते. ग्राफाइटमध्ये कार्बनचे थर कागदांच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले असतात. चार्जिंग करताना लिथियमचे आयन या थरांच्या मध्ये शिरून बसतात आणि गाडी चालताना बाहेर पडतात. पूर्ण चार्ज झालेल्या अ‍ॅनोडमध्ये कार्बनच्या सहा अणूंमागे लिथियमचा एक अणू असतो. हे प्रमाण निसर्गाने ठरवलेले आहे, त्यामुळे ग्राफाइटची बचत करायला फारसा वाव राहत नाही.

ढोबळ हिशोब असा की एका किलोवॅट-तासाला साधारण एक किलो किंवा थोडे जास्त ग्राफाइट लागते. तीन किलोवॅट-तासांच्या स्कूटरमध्ये तीनेक किलो, चाळीसच्या मोटारीत चाळीस-पन्नास किलो. त्याच मोटारीत लिथियम मात्र याच्या दशांशाच्या आसपास असते.

माझी बॅटरी एलएफपी आहे. तिला हे लागू होते का?

हो. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) हा फरक कॅथोडचा आहे. एलएफपीमुळे कोबाल्ट आणि निकेल टळते, ग्राफाइट टळत नाही. सोडियम-आयन बॅटरीत वेगळ्या प्रकारचा कार्बन वापरतात. काही कंपन्या अ‍ॅनोडमध्ये सिलिकॉन मिसळतात, पण तेही बहुतेक वेळा ग्राफाइटच्या जोडीनेच.

आफ्रिकेत ग्राफाइटचे साठे कुठे आहेत?

मुख्यतः पूर्व किनाऱ्यालगत: मोझांबिक, टांझानिया आणि समुद्रापलीकडे मादागास्कर. ही एकाच भूशास्त्रीय पट्ट्याची लेकरे. सुमारे ६५ ते ५५ कोटी वर्षांपूर्वी भूखंड एकमेकांवर आदळून गोंडवन हा महाखंड तयार होत होता, तेव्हा समुद्रतळावरचा सेंद्रिय गाळ खोल दाबला गेला, प्रचंड उष्णतेत शिजला आणि त्यातल्या कार्बनचे ग्राफाइट झाले. या पट्ट्याला भूशास्त्रात मोझांबिक पट्टा असे नाव आहे.

त्या काळी दक्षिण भारत, श्रीलंका आणि मादागास्कर एकमेकांना खेटून होते. म्हणून तमिळनाडूतल्या शिवगंगेत, ओडिशाच्या पूर्व घाटात आणि श्रीलंकेच्या बोगाला खाणीतही ग्राफाइट सापडते. दख्खनच्या बसाल्टमध्ये ते मिळणार नाही. तो लाव्हारस फार नंतरचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

टांझानियातल्या मेरेलानीचे निळे टँझनाइट ज्या खडकात सापडते, त्यातही ग्राफाइट भरलेले आहे. रत्न शोधणारे कामगार खाणीतून वर येतात ते अंगभर काळी चमक घेऊनच.

बालामा खाण कोणाची आहे, केवढी आहे?

बालामा काबो देल्गादो प्रांतात आहे, पेम्बा बंदरापासून पश्चिमेला सुमारे २६० किलोमीटरवर. मालकी ऑस्ट्रेलियाच्या सायरा रिसोर्सेस या कंपनीची, स्थानिक उपकंपनीचे नाव ट्विग. खनिजसाठा सुमारे ११ कोटी टन, आणि त्यात सरासरी १६ टक्के ग्राफाइट. इतके समृद्ध धातुक (खनिज असलेला दगड) एवढ्या प्रमाणात जगात क्वचितच सापडते. खाण पन्नास वर्षांहून अधिक पुरेल असा अंदाज आहे. कारखान्याची क्षमता वर्षाला ३,५०,००० टन. उत्पादन २०१७ च्या अखेरीस सुरू झाले.

क्षमता आणि प्रत्यक्ष उत्पादन यांत मात्र सुरुवातीपासून मोठी तफावत आहे. २०१९ मध्ये भाव कोसळले, कंपनीने उत्पादन घटवले. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे काम थांबले ते वर्षभराने सुरू झाले. २०२३ मध्ये मागणी मंदावल्यावर खाण सलग न चालवता काही आठवडे चालू, काही आठवडे बंद, अशी पद्धत आली. त्या वर्षीचे उत्पादन एक लाख टनांच्या आसपास राहिले, म्हणजे क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. खाणीवर रोजीरोटी असलेल्या कामगारासाठी हे चालू-बंद म्हणजे काय, ते ज्याच्या गावात कारखाना बंद पडला आहे त्याला सांगावे लागणार नाही.

दगडातून ग्राफाइट वेगळे कसे काढतात?

खाण उघडी असते, बोगद्यांची नाही. धातुक खणून, फोडून, दळून त्याचा पाण्यात रबडा करतात. ग्राफाइटला पाणी आवडत नाही आणि तेल आवडते. त्यामुळे रबड्यात थोडे डिझेल किंवा केरोसीन आणि फेस आणणारे रसायन घालून खालून हवा सोडली की ग्राफाइटचे पापुद्रे बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि माती-वाळू तळाशी राहते. याला फ्लोटेशन म्हणतात. वरचा काळा फेस काढून घेतात, पुन्हा हलके दळतात, पुन्हा तरंगवतात. दळताना पापुद्रा तुटू न देणे हे यातले खरे कसब, कारण मोठ्या पापुद्र्याला भाव जास्त.

शेवटी गाळून, वाळवून, चाळून मोठे, मध्यम आणि बारीक अशी प्रतवारी होते आणि माल मोठमोठ्या पोत्यांत भरला जातो. यात साधारण ९४ ते ९८ टक्के कार्बन असतो. मोठे पापुद्रे भट्ट्यांच्या विटा, मुशी आणि आगरोधक पत्र्यांकडे जातात. बॅटरीला बारीक माल चालतो, आणि बालामात बारीक मालच जास्त निघतो. पोती कंटेनरमध्ये भरून ट्रकने मुख्यतः नाकाला बंदराकडे जातात, काही माल पेम्बामार्गेही गेलेला आहे.

९५ टक्के शुद्ध माल थेट बॅटरीत का वापरत नाहीत?

कारण बॅटरीला किमान ९९.९५ टक्के शुद्धता लागते. लोखंडाचा सूक्ष्म अंशही सेलला घातक ठरतो. शिवाय चपटा पापुद्रा अ‍ॅनोडमध्ये नीट बसत नाही. म्हणून पुढे तीन मोठे टप्पे आहेत.

पहिला, गोलाई देण्याचा. पापुद्रे दळून, यंत्रात पुन्हा पुन्हा आपटून, वळवून साधारण दहा ते वीस मायक्रॉनचे बटाट्याच्या आकाराचे गोळे करतात. यात जवळपास निम्मा माल भुकटी होऊन बाजूला पडतो. खाणीतून आलेल्या दोन टनांतून बॅटरीलायक एक टन निघाला तर चांगले झाले असे धंद्यात मानतात. उरलेली भुकटी पोलाद कारखान्यांकडे किंवा वंगणाकडे स्वस्तात जाते.

दुसरा, शुद्धीकरणाचा. चीनमध्ये यासाठी प्रामुख्याने हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. ते सिलिकेटची घाण विरघळवते, पण त्वचेवर पडले तर आतपर्यंत शिरून हाडातल्या कॅल्शियमवर हल्ला करते. सांडपाण्यातला फ्लोराइड नीट काढला नाही तर विहिरी जातात. पर्याय आहेत: अल्कलीसोबत भाजून मग सौम्य आम्लाने धुणे, किंवा २,५०० अंशांच्या वर तापवून घाण वाफेवाटे घालवणे. पहिल्या पर्यायाला खर्च आणि पाणी जास्त लागते, दुसऱ्याला वीज.

तिसरा, लेप देण्याचा. प्रत्येक कणावर डांबरी पिचचा पातळ थर देऊन हजार अंशांच्या वर भाजतात, म्हणजे बॅटरीतले द्रावण ग्राफाइटला कुरतडत नाही.

भावाचा हिशोब इथे उघड होतो. खाणीवरचा बारीक माल टनाला काही शे डॉलरला जातो. हे तिन्ही टप्पे पार केलेला माल काही हजार डॉलरला. मधली वाढ जवळजवळ सगळी खाणीच्या देशाबाहेर होते. या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

चीनचा वरचष्मा किती आहे?

जगातल्या नैसर्गिक ग्राफाइटच्या खाणकामात सुमारे तीन-चतुर्थांश. गोलाई दिलेल्या, शुद्ध केलेल्या मालात नव्वद टक्क्यांहून जास्त. हेलोंगजियांग आणि शांडोंग हे जुने पट्टे. आफ्रिकेतला बराच माल वर्षानुवर्षे चीनलाच जात आला, कारण घेणारे कारखाने तिथेच होते.

१ डिसेंबर २०२३ पासून चीनने बॅटरीच्या ग्राफाइटच्या निर्यातीवर परवाना लावला. तोवर बाकीच्या जगाला हा प्रश्न कागदावरचा वाटत होता. त्यानंतर आफ्रिकेतल्या खाणींकडे अमेरिका, युरोप, कोरिया, जपान सगळ्यांचेच लक्ष वळले. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये चिनी अ‍ॅनोड मालावर ९३.५ टक्के अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे अवाजवी स्वस्त आयातीवरचा कर, प्राथमिक निर्णयात जाहीर केले.

कृत्रिम ग्राफाइट बनवता येते ना? मग खाणी कशाला?

येते, आणि आज बॅटरीत त्याचाच वाटा मोठा आहे. पेट्रोलियम कोक किंवा डांबरी पिच ३,००० अंशांच्या आसपास तापवून ते करतात. ते टिकाऊ असते, जलद चार्जिंगला चांगले असते. पण त्याला अफाट वीज लागते, आणि ती वीज कोळशाची असेल तर इलेक्ट्रिक गाडीचा पर्यावरणाचा हिशोब तिथेच बिघडतो. गेल्या काही वर्षांत चीनमध्ये कृत्रिम ग्राफाइटचे कारखाने गरजेपेक्षा जास्त उभे राहिले, भाव पडले आणि त्याचा थेट फटका बालामासारख्या खाणींना बसला. नैसर्गिक ग्राफाइट साधारणपणे स्वस्त पडते, त्यामुळे कंपन्या दोन्ही मिसळून वापरतात.

मोझांबिक स्वतःच शुद्धीकरण का करत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर अनेकदा ‘तिथे कौशल्य नाही’ अशा एका वाक्यात उडवून लावले जाते. ते अर्धेही खरे नाही.

पहिली अडचण विजेची. मोझांबिकमध्ये झांबेझी नदीवर काहोरा बासा हे आफ्रिकेतल्या मोठ्या जलविद्युत प्रकल्पांपैकी एक धरण आहे, क्षमता २,०७५ मेगावॅट. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या काळात ते बांधले गेले तेच दक्षिण आफ्रिकेला वीज विकण्यासाठी, आणि आजही तिथली बरीचशी वीज दक्षिण आफ्रिकेलाच जाते. काबो देल्गादोमध्ये मात्र मोठ्या कारखान्याला पुरेल असे भरवशाचे जाळे नाही. बालामा खाण डिझेलवर चालते. २०२३ पासून सुमारे ११ मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि सोबत बॅटरी आल्याने डिझेल कमी झाले आहे, पण गोलाई, शुद्धीकरण आणि भाजणी यांसाठी ते पुरणार नाही.

दुसरी अडचण ग्राहकाची. बॅटरी कंपन्या अ‍ॅनोडचा प्रत्येक नवा माल महिनोन्‌महिने तपासतात. कारखाना ग्राहकाजवळ असला की नमुना बदलून पुन्हा देणे सोपे जाते. सायराने आपला शुद्धीकरण कारखाना अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या व्हिडेलिया इथे बांधला. त्याला अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे सुमारे १० कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. टेस्लाशी पुरवठ्याचा करार २०२१ च्या अखेरीस झाला, उत्पादन फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाले, क्षमता वर्षाला ११,२५० टन. तरीही २०२५ मध्ये टेस्लाने ठरल्याप्रमाणे नमुने मिळाले नाहीत अशी नोटीस दिली आणि मुदती पुढे ढकलाव्या लागल्या. अमेरिकेत, सरकारी कर्जाच्या पाठबळाने हे इतके अवघड जाते, तर पेम्बात ते उद्या सकाळी होईल अशी अपेक्षा ठेवणे बरोबर नाही.

तिसरी गोष्ट राजकीय आहे. श्रीमंत देशांनी अनुदाने, कर्जे आणि करसवलती दिल्या त्या कारखाना स्वतःच्या देशात यावा म्हणून. खनिज आफ्रिकेतून आणि कारखाना आपल्याकडे, ही वाटणी बाजाराने आपोआप केलेली नाही, पैसे मोजून केलेली आहे. मला याचा राग येतो, आणि तो लपवायचे कारण दिसत नाही.

आफ्रिकी सरकारे गप्प नाहीत. नामिबियाने जून २०२३ मध्ये ग्राफाइटसह काही कच्च्या खनिजांच्या निर्यातीवर बंदी आणली. मोरोक्कोत तांजिएरजवळ बीटीआर या चिनी कंपनीने बॅटरी मालाचे कारखाने जाहीर केले आहेत. मोरोक्कोकडे बंदर आहे, वीज आहे, युरोप आणि अमेरिका दोघांशी व्यापार करार आहेत. शुद्धीकरण आफ्रिकेत आले तर पहिल्यांदा तिथे येईल, खाणीच्या देशात नव्हे, असे आज तरी दिसते.

२०२४ मध्ये बालामा बंद का पडली?

जमिनीमुळे.

खाण आली तेव्हा आसपासच्या गावांतल्या कुटुंबांच्या मशांबा, म्हणजे कसण्याच्या जमिनी, गेल्या. मका, कसावा, शेंगा पिकवणाऱ्या या शेतांचे कागद आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखे नसतात. मोझांबिकमध्ये जमीन सरकारची आणि कसण्याचा हक्क कुटुंबाचा असतो. पर्यायी जमीन आणि भरपाई यांबद्दल काही शेतकऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षे धुमसत होती. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस त्यांनी खाणीवर आंदोलन सुरू केले.

त्यानंतर ९ ऑक्टोबरची राष्ट्रीय निवडणूक आली. फ्रेलिमो पक्षाचे डॅनियल शापो विजयी घोषित झाले, विरोधी उमेदवार वेनान्सिओ मोंडलाने यांनी निकाल नाकारला आणि देशभर निदर्शने पेटली. बालामातला जमिनीचा वाद त्यात मिसळला. डिसेंबर २०२४ मध्ये सायराने फोर्स मेजर जाहीर केले, म्हणजे आवाक्याबाहेरच्या कारणाने पुरवठा करू शकत नाही असे ग्राहकांना कळवले. त्याच महिन्यात चिडो चक्रीवादळाने काबो देल्गादोला झोडपले.

परिणाम कुठवर गेला ते पाहा. खाण थांबताच अमेरिकेच्या दोन सरकारी कर्जांच्या अटी मोडल्या, एक बालामासाठी विकास वित्त संस्थेने दिलेले १५ कोटी डॉलरचे आणि दुसरे व्हिडेलियाचे. कसावाच्या शेताचा न सुटलेला वाद वॉशिंग्टनच्या कर्जखात्यापर्यंत पोहोचला. एप्रिल २०२५ मध्ये बहुतेक आंदोलक शेतकऱ्यांशी समझोता झाला, मे महिन्यात सरकारी यंत्रणेच्या हस्तक्षेपानंतर कंपनीला खाणीचा ताबा परत मिळाला आणि जूनमध्ये उत्पादन सुरू झाले.

गुंतवणूकदारांच्या अहवालांत अशा घटनांची नोंद ‘स्थानिक अडथळा’ अशी होते. ज्याचे शेत गेले त्याच्या बाजूने पाहिले तर अडथळा खाण आहे. कंपन्या, सरकारे आणि आपण ग्राहक जोवर ही दुसरी बाजू हिशोबात धरत नाही, तोवर या साखळीचा सर्वांत कच्चा दुवा खाणीच्या कुंपणापाशीच राहणार. तंत्रज्ञानावर अब्जावधी खर्च होत असताना पर्यायी शेतजमीन वेळेवर आणि नीट देणे, हे त्या मानाने किती लहान काम आहे!

काबो देल्गादोतला सशस्त्र उठाव ग्राफाइटमुळे आहे का?

नाही, पण दोन्हींची मुळे एकाच मातीत आहेत. ५ ऑक्टोबर २०१७ रोजी मोसिंबुआ दा प्राया इथल्या हल्ल्याने उठाव सुरू झाला. हल्लेखोर इस्लामी अतिरेकी आहेत, आणि त्यांना तरुण मिळतात ते गरिबी, बेकारी आणि ‘माणिक, वायू, ग्राफाइट सगळे आमच्या प्रांतातून जाते, आम्हाला काही नाही’ या भावनेतून. एकेकाळी विस्थापितांची संख्या दहा लाखांच्या घरात पोहोचली होती. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि फ्रान्सच्या टोटलएनर्जीज कंपनीने तिथल्या वायू प्रकल्पावर फोर्स मेजर लावले, ते चार वर्षांहून अधिक काळ राहिले. जून २०२२ मध्ये आंकुआबे ग्राफाइट प्रकल्पाच्या जागेवरच्या हल्ल्यात दोन कर्मचारी मारले गेले. तेव्हा बालामाचीही वाहतूक काही काळ थांबली.

कोबाल्टसारखी हाताने खणणारी मुले ग्राफाइटच्या खाणीत असतात का?

दोन्ही धंद्यांची घडण वेगळी आहे. कोबाल्टचे धातुक पोत्यात भरून तसेच विकता येते आणि त्याला भाव असतो. ग्राफाइटचे धातुक फ्लोटेशनशिवाय जवळजवळ निरुपयोगी, आणि किलोला मिळणारा भाव इतका कमी की फावडे घेऊन खणणाऱ्याला परवडत नाही. त्यामुळे बालामासारखी खाण यंत्रांनी चालते. काबो देल्गादोत हाताने खणणाऱ्यांचा प्रश्न आहे तो मोंतेपुएझच्या माणकांच्या खाणींभोवती. ग्राफाइटमध्ये जमीन, पाणी, धूळ आणि उत्पन्नातला गावांचा हिस्सा हे कळीचे प्रश्न आहेत.

गावांना या खाणीतून काय मिळते?

नोकऱ्या मिळतात, पण यंत्रांच्या खाणीत त्या मोजक्याच असतात. काही शाळा, विहिरी, प्रशिक्षण यांवर कंपनी खर्च करते. कायद्याने खाणींच्या उत्पादन करातला २.७५ टक्के वाटा खाणीलगतच्या गावांसाठी राखून ठेवला गेला. हे २.७५ टक्के कराचे आहेत, मालाच्या किमतीचे नव्हेत, आणि मालाची किंमत म्हणजे काही शे डॉलर टन. हिशोब करून पाहिला की गावाच्या वाट्याला येणारी रक्कम पाहून मन खट्टू होते. मूल्य परदेशात वाढते म्हणून कर लहान, आणि कर लहान म्हणून गावाचा वाटा लहान.

पर्यावरणाचे काय?

खाणीच्या टप्प्यावर तीन गोष्टींकडे पाहावे. धूळ: ग्राफाइटची भुकटी अतिशय हलकी, कपड्यांवर, पिकांवर, पाण्यावर बसते आणि वर्षानुवर्षे श्वासात गेली तर फुफ्फुसांचा आजार होतो. पाणी: बालामासाठी ते शिपेंबे धरणातून येते, आणि त्या भागात पाण्याची गरज शेतीलाही आहे. गाळ: धातुकाचा मोठा हिस्सा टाकाऊ गाळ म्हणून बांधात साठवला जातो, त्यात गंधकयुक्त खनिजे असली तर पाणी आम्लयुक्त होऊ शकते.

मोठा धोका मात्र शुद्धीकरणात आहे, म्हणून कारखाना कुठे येतो याइतकेच तो कोणत्या पद्धतीने शुद्ध करतो हेही विचारायला हवे. आफ्रिकेत कारखाना यावा असे मला मनापासून वाटते, पण हायड्रोफ्लोरिक आम्लाची टाकी बिनदेखरेखीची येणार असेल तर नको.

टांझानियाची वाट वेगळी आहे का?

बऱ्यापैकी. २०१७ च्या कायदेबदलांनी तिथे प्रत्येक मोठ्या खाणीत सरकारला किमान १६ टक्के भाग विनामूल्य द्यावा लागतो आणि कच्चे खनिज तसेच बाहेर नेण्यावर निर्बंध आले. गुंतवणूकदार काही वर्षे बिचकले, मग वाटाघाटींना आले. मोरोगोरो प्रांतातल्या माहेंगे प्रकल्पात ऑस्ट्रेलियाची ब्लॅक रॉक आणि कोरियाची पोस्को आहे. प्रकल्पाच्या कंपनीचे नाव फारू, आणि तिच्यात सरकारचे १६ टक्के. दक्षिणेकडच्या लिंडी जंबो खाणीत २०२४ मध्ये उत्पादन सुरू झाले. तिथे मोठ्या पापुद्र्यांचे प्रमाण चांगले आहे. एपांको, चिलालो, बुन्यु असे आणखी प्रकल्प बरीच वर्षे भांडवलाची वाट पाहत आले. भाव पडलेले असताना बँका हात आखडता घेतात.

आणि मादागास्कर?

तिथले ग्राफाइटचे खाणकाम शंभर वर्षांहून जुने. पहिल्या महायुद्धाच्या काळात धातू वितळवण्याच्या मुशींसाठी त्याला मोठी मागणी होती. आज दक्षिणेत मोलो ही नवी खाण आहे, २०२३ पासून. तिच्या कंपनीने बॅटरी मालाचा कारखाना आधी मॉरिशसमध्ये, म्हणजे जिथे मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्या बेटावर, जाहीर केला होता. नंतर मोर्चा अबू धाबीकडे वळला. पूर्व किनाऱ्यावर भारतीय प्रवर्तकांनी सुरू केलेल्या तिरुपती ग्राफाइट या कंपनीच्या खाणी आहेत.

भारताचा आणि आपला यात काही संबंध आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे. त्यानंतरही गोव्यातली माणसे कारकून, डॉक्टर, व्यापारी म्हणून तिकडे जात राहिली.

आजचा संबंध धंद्याचा. काबो देल्गादोच्या वायू प्रकल्पात भारतीय सरकारी कंपन्यांचा एकूण ३० टक्के वाटा आहे, त्यात मुंबईस्थित भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीचे १० टक्के. नाकाला बंदराकडे जाणारा कोळशाचा रेल्वेमार्ग २०२२ पासून जिंदल समूहाशी संबंधित वल्कन कंपनीकडे आहे.

ग्राफाइटबद्दल सांगायचे तर भारताने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत ते आहे. देशात ओडिशा, झारखंड, तमिळनाडूत खाणी आहेत, पण बॅटरीच्या दर्जाचा माल प्रामुख्याने बाहेरून येतो. नाशिकच्या सातपूरमध्ये ग्राफाइट इंडियाचा कारखाना आहे. या कंपनीचा मुख्य व्यवसाय पोलादाच्या भट्ट्यांच्या कृत्रिम ग्राफाइट इलेक्ट्रोडचा. म्हणजे कार्बन हजारो अंशांवर तापवण्याची विद्या आपल्याकडे आहे. मुंबईची एप्सिलॉन ही कंपनी कोळशाच्या डांबरापासून अ‍ॅनोडचा माल करण्याच्या कामात आहे. आकुर्डीत स्कूटर आणि पुणे परिसरात मोटारी बनत असताना त्यांचा अ‍ॅनोड कुठून येतो, हा महाराष्ट्राच्या उद्योगाचा स्वतःचा प्रश्न आहे.

जुन्या बॅटरीतले ग्राफाइट परत वापरता येते का?

तांत्रिकदृष्ट्या हो. पण भट्टीत वितळवण्याच्या पद्धतीत ते जळून जाते, आणि इतर पद्धतींत बॅटरी दळून मिळणाऱ्या काळ्या चुऱ्यातून निकेल, कोबाल्ट, लिथियम काढल्यावर ते बहुतेकदा टाकून दिले जाते, कारण नवा माल स्वस्त आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांत कोबाल्ट, तांबे, शिसे, लिथियम, निकेल यांच्या पुनर्प्राप्तीची उद्दिष्टे आहेत, ग्राफाइटचे नाही. ही मोठी उणीव आहे.

माझ्या गाडीतले ग्राफाइट कुठून आले, हे मला कळू शकेल का?

आज भारतात जवळजवळ नाही. विक्रेत्याला माहीत नसते आणि अनेकदा गाडी बनवणाऱ्यालाही सेल पुरवणाऱ्याने सांगितलेले नसते. माल चीनमध्ये शुद्ध होताना वेगवेगळ्या खाणींचा मिसळतो, तिथेच माग तुटतो.

युरोपात यावर काम सुरू आहे. फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. शिवाय कोबाल्ट, लिथियम, निकेल आणि नैसर्गिक ग्राफाइट या चारही खनिजांबाबत खाणीपासूनची जबाबदारी तपासण्याची अट त्या नियमांत आहे, तिची मुदत ऑगस्ट २०२७ वर नेली आहे. भारतातून युरोपात गाड्या पाठवणाऱ्या कंपन्यांना ही माहिती गोळा करावीच लागेल. ती इथल्या ग्राहकालाही द्या, अशी मागणी आपण करू शकतो. गाडी घेताना शोरूममध्ये विचारा, कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी विचारा: अ‍ॅनोड नैसर्गिक की कृत्रिम, शुद्धीकरण कुठे झाले, खाण कोणती. पहिल्यांदा उत्तर येणार नाही, तरी विचारा.